फक्कीच्या रेघांवरचं घर

करावे,
१२ जानेवारी २०२५

आप्पा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरात सगळे ठणठणीत आहेत. आत्या म्हणाली, "त्याला फोन करू नको, कानातलं मशीन शिट्टी मारतं नि तो फोन कापतो." व्हॉट्सॲप तुम्ही उघडत नाही. म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा पत्र लिहितेय, आणि खरं सांगू, जाम मजा येतेय!

कामाचं बोलते. गावामागचा आपला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, सरकारने शेतं घेतली त्याच्या बदल्यात मिळालेला. आपला म्हणजे तुमचा आणि आत्याचा. तिघा भावंडांच्या वाटणीत बाबांना घर आलं, तुम्हा दोघांना तो. इतकी वर्षं तिथे सुकट सुकते आणि गावातली लग्नं लागतात. आप्पा, मला तिथे विद्यार्थ्यांसाठी घर बांधायचंय!

हॉस्टेल म्हणत नाही मी मुद्दाम. हॉस्टेल म्हटलं की लोखंडी खाटा आणि भिंतीवर नियमांचा बोर्ड डोळ्यांसमोर येतो. माझी कॉलेजची मैत्रीण सुमेधा, हिंगोलीची, नेरुळला वन बीएचकेत सात जणींबरोबर राहायची. अभ्यासाला लिफ्टसमोर चटई टाकून बसायची. सोसायटीने तिथूनही उठवलं. शेवटी ती संध्याकाळी स्टेशनवरच्या बाकड्यावर बसून ड्रॉइंग पुरी करायची. अशा किती सुमेधा इथे आहेत, मोजायला गेलात तर वेड लागेल.

माझं डिझाइन ऐका. चार मजले, मजल्यावर बारा जण, एकूण अठ्ठेचाळीस. झोपायच्या खोल्या लहान, पण प्रत्येकाला आपली. दोन खोल्यांमधली भिंत चाकांवरची! मी रबाळ्याला ज्या ऑफिसात काम करते तिथे आम्ही कारखान्यांच्या शेड डिझाइन करतो, तिथे अशा सरकत्या भिंती मी रोज बघते. एका माणसाने ढकलली की सरकते. परीक्षा आली, भिंती सरकवा, अभ्यासाची मोठी खोली तयार. कुणाची आई आली, परत सरकवा. आणि खाली पुढच्या बाजूला सगळ्यांसाठी भलामोठा हॉल, पूर्ण काचेचा. खोल्या लहान, सामान साधं, म्हणून भाडं गरिबाच्या पोराला झेपेल एवढं.

नेरुळच्या एका नर्सिंग कॉलेजच्या मॅडमना नकाशा इतका आवडला की त्या म्हणाल्या, अठ्ठेचाळीस मुली आम्हीच देतो. त्यांच्या हमीवर बँक बांधकामाला कर्ज द्यायला तयार आहे. फक्त मालकांचं संमतीपत्र ३१ मार्चच्या आत हवं, नाहीतर त्या दुसरीकडे बघणार. आत्या म्हणते, "सितारामनं सही केली तर मी करीन."

सोबत नकाशा आणि संमतीपत्र पाठवतेय. हे माझं स्वतःचं पहिलं काम आहे, आप्पा. आजवर दुसऱ्याच्या शेडचे पत्रेच मोजलेत मी. हो म्हणा ना!

तुमची
शर्मिला

०

मोरा, उरण
२० जानेवारी

चि. शर्मिलास,

पत्र पोचलं. अक्षर बापासारखं हाय, लटकतं.

नकाशा टेबलावर पसरून दोन दिवस बघितला. लाँचचं इंजिन मी डोळे मिटून खोललं नि जोडलं हाय, पन तुझा कागद मना काय कळला नाय. निळी रेघ काय, तुटक रेघ काय? खोली सात बाय दहा लिहिलीस. सात बाय दहा म्हंजे माझ्या लाँचची केबिन. त्यात मानूस राहील का कोंबडी?

दुसरी गोष्ट. पोरं येतात नि जातात. भाडेकरू ठेवायचा तर कुटुंबवाला. जयप्रकाश म्हनून बिल्डरचा मानूस हाय, तो दर आठवड्याला येतो. सात मजले टाकतो म्हनतो, खाली दुकानं, मना नि गिरजाला दोन-दोन फ्लॅट. मी त्याला अजून हो-नाय काय बोललो नाय. पन तो बोलतो ते निदान डोक्यात शिरतं.

तू हुशार हायेस, हे सगळा गाव बोलतो. पन कागदावरचं घर मना दिसत नाय गं. जमिनीवर काढून दाखव, मग बघू.

गिरजाला सांग, सुकट पाठव. इथली सगळी वाळू हाय.

आप्पा

०

करावे,
२७ जानेवारी

आप्पा,

तुम्ही "नाही" लिहिलं नाहीत! मी पत्र तीन वेळा वाचलं, उलटं करून पाहिलं, "नाही" कुठेच नाही. आत्या हसतेय मला.

जमिनीवर काढून दाखव म्हणालात ना? दाखवते! रविवारी, १६ फेब्रुवारीला, प्लॉटवर फक्कीने अख्खा मजला काढणार. खऱ्या मापाचा. कबड्डीचं मैदान आखतात तशी चुन्याची फक्की, दोरी आणि खुंट्या. जिथे भिंत तिथे रेघ, जिथे दार तिथे मोकळं. तुम्ही दारातून आत शिरायचं, खोलीत उभं राहायचं, हात पसरायचे आणि मग मला सांगायचं कोंबडी की माणूस.

सकाळी दहाला या. उरणच्या गाडीने सीवूड्सला उतरा, मी न्यायला येते. जेवायला आत्या तुमच्या आवडीचं कोळंबीचं कालवण करणार आहे. आता मात्र टाळायचं नाही हां!

शर्मिला

०

करावे,
१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

आप्पा,

आला नाहीत.

पहाटे सहापासून मी आणि आत्या प्लॉटवर. चार गोणी फक्की. आत्याने साडी खोचून दोरी धरली. बारा खोल्या, जिना, न्हाणीघरं, स्वयंपाकघर, तिथला चार फुटांचा पॅसेज, पुढचा मोठा हॉल, सगळं काढलं. इतकं सुंदर दिसत होतं! शेजारचे गोटीराम काका येऊन म्हणाले, "काय गं, क्रिकेटची नवीन पद्धत काय?"

मी तीन गाड्या बघितल्या स्टेशनवर. मग घरी येऊन गार कालवण जेवले.

रागावले नाही, असं लिहिणार होते. पण रागावलेय.

शर्मिला

०

मोरा, उरण
१८ फेब्रुवारी

चि. शर्मिलास,

गुडघा धरला होता. जिना उतरवंना. कळवायला मानूस मिळाला नाय. रागावू नको.

फक्कीचं काय, वाऱ्यानं उडते, मानसं तुडवतात. मनाला लावून घेऊ नको. गोटीरामच्या शिवतेजची हळद गुरवारी हाय ना? माझ्याकडून आहेर कर. मी काय येत नाय, त्या डीजेनं मशीन कानात किंचाळतं.

आप्पा

०

करावे,
२२ फेब्रुवारी

आप्पा! आप्पा! आप्पा!

राग गेला. काय झालंय ते ऐका, बसून वाचा.

गावातली प्रत्येक हळद आपल्या प्लॉटवर होते, हे मी जन्मापासून बघतेय आणि नेमकी विसरले. गोटीराम काका तरी कशाला विचारतील? वीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. मी सोमवार ते बुधवार रबाळ्यात कामात बुडालेली. गुरुवारी दुपारी हाफ डे टाकून हळदीला गेले आणि प्लॉटच्या तोंडाशीच थांबले.

माझी बिल्डिंग उभी होती!

देवाशपथ. मंडपवाल्या कुलदीपने माझ्या फक्कीच्या रेघा म्हणजे मंडपाची आखणी समजून बरोब्बर त्यांच्यावर बांबू रोवले होते. जिथे भिंत तिथे कनात, जिथे दार तिथे कनात वर गुंडाळलेली. बाराच्या बारा खोल्या! मी त्याच्यावर ओरडलेच. तो बिचारा म्हणतो, "मॅडम, आमाला सांगितलं तसं केलं. रेघा मारूनच ठेवलेल्या, एवढी सोय कधी कोन करतं?" गोटीराम काकांनीच सांगितलं असणार त्याला. मी भांडायला काकांना शोधत आत शिरले आणि आप्पा, भांडायचं विसरले.

कारण आत माणसं राहत होती. दोनशे माणसं, माझ्या नकाशात! मी गळ्यातली ओढणी कमरेला बांधली, एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर लिहीत सुटले. कोण कुठे बसतं, कोण कुठे अडतं. नवरदेवाला हळद लागली तेव्हा मी कुठे होते विचाराल तर, न्हाणीघराच्या कनातीपाशी रांग मोजत होते. धवलारीण हळदीची गाणी गाता गाता माझ्याकडे बघून हसली. आत्या म्हणाली, "ही पोरगी खुळी झाली, हिलाच आंघोल घाला हळदीची!"

आता मुद्दा. तुमची कोंबडीची खुराडी? एकदम पास! एकेका खोलीत दोन दोन म्हाताऱ्या पाय पसरून आडव्या, वर बॅगा, वर पोरं. जेवणाच्या पंक्तीला कुणीतरी दोन खोल्यांमधली कनात वर बांधली, झाली लांब खोली. पंगत उठली, खाली सोडली, परत दोन खोल्या. मी कुणालाही शिकवलं नव्हतं. माझी सरकती भिंत लोकांनी आपोआप सरकवली!

आणि माझा लाडका हॉल? नापास. सपशेल. पुढे एवढी मोठी जागा, शंभर खुर्च्या, आणि बसलेले कोण? आहेराची पाकिटं घेणारे दोघे आणि झोपलेलं एक बाळ. बाकी जग कुठे? मागे! स्वयंपाकघराजवळच्या माझ्या चार फुटांच्या पॅसेजमध्ये. तिथे पाण्याचं पिंप होतं आणि चुली होत्या. बायका तांदळाच्या भाकऱ्या थापतायत, पोरी नखं रंगवतायत, पुरुष पाणी प्यायच्या निमित्ताने येतात ते तिथेच उभे. मला वाट काढता येईना. आणि त्या गर्दीत, पिंपाला टेकून, आत्याच्या शेजारची श्रुती बारावीचं गणित सोडवत होती! मी म्हटलं, "अगं, घरी जा ना, तिथे शांत आहे." तर म्हणते, "घरी कोन नाय ताई. एकटीला झोपच येते."

मी आत्याला विचारलं, हॉलमध्ये का नाही जात कुणी? ती भाकरी उलटता उलटता म्हणाली, "हॉलमधी जाऊन करायचं काय? इथं पानी हाय, इथं मानसा येतातच."

आठ वर्षं आर्किटेक्चर शिकून आणि करून हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

त्या रात्रीच नकाशा बदलला. काचेचा हॉल उडवला. ती सगळी जागा तोडून चारही मजल्यांना वाटली. आता प्रत्येक मजल्यावर स्वयंपाकाचा ओटा, पाणी, आणि त्याला लागून चारऐवजी नऊ फुटांचा ऐसपैस पॅसेज, भिंतीला लांबलचक बाकडं. तिथेच चहा, तिथेच अभ्यास, तिथेच भांडणं. नवा नकाशा सोबत आहे.

आता यायलाच हवं असं नाही. मंडप उतरलाय, दाखवायला काही उरलं नाही. पण तुम्ही हे बघायला हवं होतंत, आप्पा. तुम्हाला कागद कळत नाही म्हणालात ना, तेव्हा इथे कागद नव्हताच.

संमतीपत्राची दुसरी प्रत जोडलीय. पाच आठवडे उरलेत. मी बोटं मोजतेय.

शर्मिला

०

मोरा, उरण
२ मार्च

चि. शर्मिलास,

हे पत्र लिहायला पाच दिवस गेले. चार वेळा फाडलं.

आधी खोटं काय काय बोललो ते सांगतो. गुडघा धडधाकट हाय. त्या रविवारी जयप्रकाश कागद घेऊन बसला होता माझ्या ओटीवर. मी तुला लिहिलं, अजून हो-नाय बोललो नाय. ते पन खोटं. त्याला मी दिवाळीतच हो बोललो होतो. सही तेवढी राहिली होती. तुला तोंड कसं दाखवू म्हनून आलो नाय.

पन तुझं "आला नाहीत" माझ्या हातात पडायच्या आधीच, सोमवारी, मनच लागंना. गाडी पकडून प्लॉटवर आलो. कोनाला सांगितलं नाय, गिरजाला पन नाय. तुझ्या रेघांमधून फिरलो. दारातून शिरलो, जिन्यात उभा राह्यलो. खरं सांगू? काय दिसलं नाय. चुना तो चुना. एवढ्यात मंडपवाला पोरगा आला, डोकं खाजवत उभा. मना विचारतो, "आजोबा, ह्या रेघा कसल्या?" मी बोललो, "मंडपाच्या हायेत. ह्याच्यावरच खांब रोव, एक पन इकडं तिकडं झाला तर बघ."

गोटीरामला उगाच शिव्या घालू नको. तो मी.

मना रेघ दिसत नाय, खांब दिसतो. त्याला मी काय करू?

हळदीला आलो नाय, डीजेमुळं. ते तेवढं खरं होतं. शुक्रवारी सकाळी सगळं वऱ्हाड लग्नाला निघून गेलं, तू पन गेलीस, तेव्हा आलो. मंडप रिकामा. तिसऱ्या खोलीत सतरंजी पडली होती, तिच्यावर आडवा झालो. सात बाय दहा. पाय पुरले. कनात हलत होती. बरं वाटलं.

उठून पान्याला गेलो तर पिंपाजवळ ती श्रुती. दुसऱ्या दिवशी बारावीचा पेपर होता म्हनून लग्नाला गेली नाय. ती काय विचारते ते ऐकू येईना, मी कानातल्या मशीनकडं बोट दाखवलं तर तिनं वहीच्या कडेला लिहिलं, "चहा घेनार का?" चहा दिला. मग कोनी विचारलं नसताना पिशवीतनं प्रिलिमचा पेपर काढला नि माझ्यासमोर धरला. गनित. ऐंशीपैकी एकाहत्तर. मी तिचा कोन लागतो? कोन नाय. मी तिथं बसलो होतो म्हनून दाखवला, बस.

शर्मिला, तुला एक सांगतो. तुझ्या बापाला सांगितलं नाय, गिरजाला नाय, तुझ्या काकीला पन नाय.

जुनी अकरावीची मॅट्रिक बंद झाली, दहावीची पहिली बॅच आमची. पास झालो तशी मना पनवेलला अकरावी सायन्सला घातली. धान्याच्या दुकानाच्या वर एक खोली, मी एकटा. खोली चांगली होती, तुझ्या खोलीच्या दुप्पट. तीन महिन्यांत परत आलो. घरी बोललो, सायन्स झेपत नाय. वडलांनी कपाळाला हात लावला नि मना लाँचवर धाडलं. आजपन सगळे बोलतात, सितारामला शिक्षन झेपलं नाय.

झेपत होतं गं. पहिल्या चाचणीत वर्गात पहिला आलो होतो मी. गनिताच्या सरांनी पाठीवर थाप मारली. पेपर हातात घेऊन धावत खोलीवर आलो. दार उघडलं. आत कोन नाय. जिन्यात उभा राह्यलो, कोन येतो का बघत. खाली दुकानात हमाल पोती उचलत होते, त्यांना काय दाखवू? पेपर घडी करून उशीखाली ठेवला. त्या दिवशी जे बिनसलं ते बिनसलं. दोन आठवड्यांनी पिशवी भरली नि घरी आलो. मग घरी सांगायची पन लाज वाटली. पहिला आलेला पोरगा पळून येतो का?

लाँचवर माझं वाईट झालं नाय. कोनाबद्दल तक्रार नाय. पन त्या पोरीनं पेपर समोर धरला नि मना गपकन रडू आलं. ती घाबरली, बोलली, चहा गरम होता काय.

जयप्रकाशला काल बोलावून नाय बोललो. लई तोंड वाजवलं त्यानं. मी मशीन काढून खिशात टाकलं नि त्याच्या तोंडाकडं बघत बसलो.

सही केलेलं संमतीपत्र सोबत हाय. नवा नकाशा मना अजून पन कळत नाय, पन एक गोष्ट बोट ठेवून शोधली. खोल्यांची दारं तू जिन्याकडं काढलीस. ती फिरव. ओट्याकडं कर. पोर दार उघडून बाहेर आली की समोर मानूस दिसला पायजे. हे झालं नाय तर सही परत मागवीन.

आप्पा

०

करावे,
६ मार्च

आप्पा,

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा मी गेटवरच फोडलं, आणि तिथेच उभ्याने वाचलं. आधी सही बघून ओरडले. मग पत्र वाचून रडले. पोस्टमन गेलाच नाही, त्याला वाटलं कुणी गेलं. मग त्याला मिठी मारली, तेव्हा मात्र पळाला.

आत्याने लगेच सही केली. तुमच्या सहीखाली, तीन इंच मोठी. मॅडमना कागद पोचला, त्या अठ्ठेचाळीस मुलींची यादी आत्ताच करायला बसल्यात. माझ्या ऑफिसमधले सर म्हणाले, जोखीम घेतेयस, पण दर शनिवारी सुट्टी घे आणि कर. पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत निदान पहिले दोन मजले उभे करायचे, बाकीच्या मुली त्यानंतरच्या दिवाळीला. झोप उडालीय माझी आनंदाने!

आणि दारं फिरवली. बाराची बारा. एक दार फिरवलं की खिडकी हलते, खिडकी हलली की पाइप हलतो, दोन दिवस डोक्याचा भुगा झाला. पण आता कुठलीही मुलगी कुठलंही दार उघडून बाहेर आली तरी समोर ओटा आणि बाकडं. नकाशावर मी बोट फिरवत राहिले आणि प्रत्येक दारातून मला तुम्ही बाहेर येताना दिसलात, सोळा वर्षांचे, हातात पेपर. आप्पा, मी आत्याला काही सांगितलेलं नाही. तुमचं आहे ते, तुम्ही सांगाल तर सांगाल.

एकच विचारायचंय. एवढं मोठं पत्र लिहिलंत, जयप्रकाशच्या तोंडाचं लिहिलंत, चहाचं लिहिलंत. मार्क नाही लिहिलेत. किती पडले होते?

तुमची
शर्मिला

०

मोरा, उरण
१० मार्च

चि. शर्मिलास,

पन्नासपैकी सेहेचाळीस. दुसऱ्या नंबरवाल्याला एकतीस होते.

आप्पा